कारखान्यातून निघाली तशी

१

माझा धंदा काय, असं कोणी विचारलं तर मी "जुन्या गाड्या दुरुस्त करतो" एवढंच सांगतो. खरं सांगितलं की लोक हसतात. जुन्या गाड्यांच्या इंजिनांवर मी कारखान्याच्या खुणा पुन्हा काढतो.

त्या काळी कारखान्यात गाडी जोडली जात असताना एक जण बोल्ट आवळायचा. त्याच्या मागून दुसरा यायचा, पाना लावून तो बोल्ट तपासायचा आणि 'पास' म्हणून त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका पडला की त्या बोल्टकडे पुन्हा कोणी बघायचं नाही. पुढे वापरात तो ठिपका तेलाधुळीत नाहीसा होतो. गाडी पुन्हा मूळची करायची तर तो परत द्यावा लागतो, आणि नीटनेटका देऊन चालत नाही. कारखान्यातल्या माणसाच्या मागे घाई लागलेली असायची. त्याचा ठिपका तिरका पडायचा आणि खालच्या बाजूला थोडा ओघळायचा. तो ओघळ मला जमतो. उडालेले शिंतोडे, वाकडं चिकटलेलं लेबल, ओतकामाची न घासलेली कड, सगळं कारखान्याने चुकवलं असेल तसंच चुकवायचं असतं. पिवळ्या रंगाची छोटी बाटली कायम माझ्या शर्टाच्या खिशात असते, तिच्या झाकणालाच ब्रश आहे.

"दातांवर पिवळं दिसलं की आम्ही खरवडून काढतो, आणि तू मुद्दाम लावत बसतोस," असं माझी मुलगी म्हणते. ती दातांची डॉक्टर आहे. घरात तिला सगळे ठकी म्हणतात, मी तर तिच्या पेशंटसमोरही म्हणतो. माझ्या डाव्या दाढेतली चांदी तिनेच भरली आहे. शिकत होती तेव्हा तिने माझ्यावर हात साफ करून घेतला होता.

बायकोचं म्हणणं वेगळं. "कारखान्याच्या चुका यांना इतक्या प्रिय, आणि आमटीत मीठ जरा कमी पडलं की कपाळावर आठ्या."

आजवर मी अकरा जणांच्या गाड्यांना प्रमाणपत्र मिळवून दिलं. ते देतो जुन्या गाड्यांच्या मंडळाचा परीक्षक. हा गृहस्थ भिंग घेऊन बॉनेटमध्ये अर्धा आत शिरतो, म्हणून आम्ही सगळे त्याला भिंगवाले म्हणतो. शंभरपैकी शंभर मिळाले तर प्रमाणपत्रावर एक ओळ लिहून येते: कारखान्यातून निघाली तशी. आमच्या घरची गाडी, म्हणजे माझ्या वडिलांनी घेतलेली आणि मग माझ्याकडे आलेली, नऊ वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. या वर्षी मी तिलाही ती ओळ मिळवून द्यायचं ठरवलं. भिंगवाल्यांनी रविवारची तारीख दिली. हातात तीन आठवडे होते.

२

पहिल्या आठवड्यात मी इंजिनाच्या पंख्याभोवतीचा पत्रा बदलला.

जुन्या पत्र्यावर एक जोड होता, वडिलांनी पत्र्याचे डबे करणाऱ्या कुठल्याशा कारागिराकडून मारून घेतलेला. एकोणीस वर्षांचा असताना त्या जोडाच्या धारेने माझा अंगठा हाडापर्यंत कापला होता. पाच टाके पडले. तेव्हापासून उजव्या अंगठ्यावर आडवा वण होता, आणि विचार करताना तो दुसऱ्या बोटाने चाचपायची मला सवय होती. बंद पडलेल्या एका विक्रेत्याच्या गोदामातून मूळचा पत्रा मिळाला, तेलकट कागदात गुंडाळलेला, न वापरलेला. तो बसवला, चार बोल्ट आवळले, चार ठिपके दिले.

संध्याकाळी हात धुताना बोट नेहमीसारखं अंगठ्यावर फिरलं आणि सरळ पुढे गेलं. काही लागलंच नाही. मी दिव्याखाली हात धरला. अंगठा गुळगुळीत होता. त्यावरच्या रेषासुद्धा अखंड होत्या.

वय झालं की वण पुसट होतात, असं मी मनाशी म्हणालो. शिवाय इतकी वर्षं थिनरमध्ये हात घातल्यावर कातडी काय शिल्लक राहणार? हे मला पटलं. निदान जेवण होईपर्यंत तरी पटलं.

३

दुसऱ्या आठवड्यात अ‍ॅक्सिलरेटरची स्प्रिंग बदलली.

मूळची तुटल्यावर वडिलांनी तिथे दाराची स्प्रिंग लावली होती. एकदा ती अडकली आणि गाडी थांबायचं नाव न घेता वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवर आपटली. भिंतीचा गिलावा पडून कमरेच्या उंचीवर हातभर खड्डा झाला. तो मी कधी बुजवला नाही. त्यावर कॅलेंडर टांगलं, की झालं.

मूळची स्प्रिंग सकाळी बसवली. ती अडकवायच्या पट्टीला लावलेला काळा रंग वाळायचा होता, म्हणून ठिपका जेवणानंतर द्यायचं ठरवलं. जेवायला जाताना पंख्याच्या वाऱ्याने कॅलेंडर हललं आणि मागचा खड्डा दिसला. त्यातली विटेची लाल कड दिसली. हे मला पक्कं आठवतंय, कारण आता तोही बुजवून घ्यावा असं तेव्हा माझ्या मनात आलं होतं. जेवून आलो, ठिपका दिला, ब्रश पुसला. कॅलेंडर परत हललं. मागे भिंत सपाट होती.

मी कॅलेंडर काढून भिंतीवर तळहात फिरवला. नवा गिलावा हाताला लगेच कळतो. हा नवा नव्हता. सगळ्या भिंतीला होता तोच, तसाच पिवळट, तशाच बारीक भेगा असलेला. खिळा मात्र जागेवर होता.

बायको चहा घेऊन आली. मी विचारलं, "अगं, इथला खड्डा कोणी बुजवला?"

"कसला खड्डा?"

"गाडी आपटली होती तो."

"गाडी कधी आपटली?" तिने कप बाकावर ठेवला. "मी मात्र कधीपासून विचारणार होते, हे कॅलेंडर इतकं खाली का लावलंय? इतकी वर्षं वाकून वाकून तारीख बघते मी."

ती गेल्यावर मी बराच वेळ स्टुलावर बसून राहिलो. माझ्या आठवणीत काही गडबड असेल तर डॉक्टरकडे जायला हवं, हा पहिला विचार. दुसरा विचार असा की मग कॅलेंडर इतकं खाली कोणत्या शहाण्याने लावलं? आणि तिसरा मी पुरता होऊच दिला नाही. सकाळी स्प्रिंग बसली होती आणि दुपारपर्यंत खड्डा जागेवर होता, हे मात्र मी विसरलो नाही. खड्डा ठिपक्यानंतर गेला होता.

४

शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी मी पाण्याचा पंप काढला आणि वर्तमानपत्रावर ठेवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणला. इंजिनातलं पाणी फिरवून त्याला थंड ठेवणारा हा भाग. आमच्या गाडीतला पंप गाडीचा नव्हताच. अंगाने जाडा, बोजड, आणि एक भोक बसत नव्हतं म्हणून कोणीतरी कानशीने रुंद केलेलं. भोकाशेजारी कानशीचे तीन तिरके ओरखडे होते. मूळचा पंप मी दोन महिने शोधून मिळवला होता आणि तो खोक्यात माझ्या पायाशी होता.

ठकी दवाखान्यात निघाली होती. तिने उभ्याउभ्या टोस्ट खाल्ला, पंपाकडे बघितलं. "हा दात उपटला का? छान. मुळासकट आलाय," म्हणाली आणि गेली.

बायकोने पंप दोन्ही हातांनी उचलून बघितला. एवढ्या तेलकट वस्तूला ती कधी हात लावत नाही.

"हा काढलात?"

"चुकीचा आहे तो. तू मावशीकडे गेली होतीस ना, तेव्हा वाटेत बसवून घेतला होतास."

"मावशीकडे नव्हते गेले मी." ती समोरच्या खुर्चीवर बसली. "आता सत्तावीस वर्षं झाली, सांगायला हरकत नाही. स्टेशनवर चालले होते. गाडी तिथे ठेवणार होते, चावी रबराच्या चटईखाली. निळी बॅग भरली होती. ते छोटं घड्याळही घेतलं होतं. चिठ्ठी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली होती, म्हणजे गाडी न्यायला आलात की तुम्हाला सापडेल."

"कसली चिठ्ठी?"

"तुम्हाला सोडून चालले होते हो मी."

शेल्फवरचं छोटं घड्याळ टिकटिकत होतं.

"चाळिसाव्या मैलाच्या दगडाशी गाडी उकळली," ती पुढे सांगू लागली. "मोठ्या झाडाखाली एक मिस्त्री होता. या गाडीचा पंप त्याच्याकडे कुठून असणार? शेवटी खडी फोडायच्या मशीनचा एक काढला ढिगातून. भोक बसेना, म्हणून कानस घेऊन घासत बसला. दिवसभर! मी तिथे बसची एक जुनी सीट टाकलेली होती त्यावर बसले. आधी रागाने बसले होते. मग नुसतीच बसले. संध्याकाळी गाडी सुरू झाली तेव्हा राग कुठे गेला तेच कळेना. भूक लागली होती. चिठ्ठी फाडली आणि घरी आले. पुढच्या वर्षी ठकी झाली." तिने पंप हलकेच वर्तमानपत्रावर ठेवला. "हा भंगारातला पंप होता म्हणून मी परत आले. आणि तुम्ही म्हणता चुकीचा आहे."

"पण का चालली होतीस?"

"तेव्हा तुम्ही माझ्याशी काय बोलायचात आठवतंय? पाना दे. कापड दे. टॉर्च धर." ती हसली, आणि उठून पदराऐवजी माझ्याच कापडाला हात पुसले. "टॉर्च मी चांगला धरायचे हं पण."

५

मी भित्रा माणूस नाही. पण त्या दिवशी मी खोक्यातला मूळचा पंप उघडला, बघितला, आणि परत बंद करून माळ्यावर टाकला. अंगठा गुळगुळीत होता, भिंत सपाट होती. दोन आणि दोन किती होतात ते मला कळतं. आपल्याला खूळ लागलंय असं स्वतःला सांगितलं, आणि खूळ तर खूळ, पण पंप बदलायचा नाही असंही ठरवलं. बायको आणि मुलीपुढे शंभर गुण काय घेऊन बसायचे?

शनिवारी सकाळी भिंगवाल्यांचा फोन आला. "तुम्ही पाठवलेले फोटो बघितले. डोळ्यांचं पारणं फिटलं! तीस वर्षांत असं काम बघितलं नाही. फक्त पंपाचा तेवढा फोटो नाही आला."

"पाठवतो," मी म्हणालो.

एवढंच. "जुनाच ठेवतोय" म्हणायला काय जात होतं? पण तीस वर्षं ज्या माणसाच्या भिंगाखाली मी उभा राहिलो, त्याने असं कौतुक केल्यावर जीभ रेटेना. मग मी डोकं चालवलं. मूळचा पंप बसवायचा, फोटो काढायचा, लगेच उतरवायचा. ठिपका द्यायचा नाही. ठिपका नाही म्हणजे पास नाही. खड्डासुद्धा ठिपका देईपर्यंत जागेवर होता. अर्ध्या तासाचं काम. हात माझाच आहे, मला विचारूनच काम करेल, असं मला वाटलं.

घरातून आवाज येत होते. नळ चालू होता. सुट्टी असल्यामुळे ठकी आईला काहीतरी सांगत होती आणि मध्येच स्वतःच हसत होती. मी पंप बसवला. इतका सुरेख बसला की काय सांगू! इंजिनाच्या अंगातून उगवल्यासारखा दिसत होता. पहिला बोल्ट आवळला, दुसरा, तिसरा. चौथा आवळला, पाना खाली ठेवला आणि एक पाऊल मागे सरकून बघितलं.

बाटलीचं झाकण फिरवून बंद करताना मला कळलं.

चारही ठिपके पडले होते. चौथ्याचा ओघळ अजून खाली येत होता. माझ्या हातचा, अगदी कारखान्यासारखा.

नळाचा आवाज थांबला होता.

६

"अगं," मी हाक मारली.

वर्कशॉपमधून स्वयंपाकघरात जायला तीन पायऱ्या आहेत. त्या चढायला मला फार वेळ लागला. दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. टेबलाशी एक खुर्ची होती. ओट्यावर एक कप पालथा घातलेला होता, एक ताटली, एक चमचा. सगळं स्वच्छ होतं. एकटा माणूस घर ठेवतो तसं, फारच जागच्या जागी. शेल्फवर छोटं घड्याळ नव्हतं. जिथे ते असायचं तिथे माझे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेले होते.

टेबलावर वर्तमानपत्रही नव्हतं आणि जुना पंपही नव्हता.

ठकीच्या खोलीचं दार उघडलं. आत छतापर्यंत खोकी होती. पत्रे, नळ्या, काचा, सगळ्यांवर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या. सगळ्यांवर सारखी धूळ. दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला आम्ही तिची उंची पेन्सिलने मांडायचो. मी गुडघ्यावर बसून चौकट खालपासून वरपर्यंत बघितली. रंग सलग होता.

"ठकी," मी म्हणालो. खोक्यांनी आवाज गिळून टाकला.

फोन काढला. तिचा नंबर मला तोंडपाठ आहे. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एका बाईने फार गोड आवाजात सांगितलं. तेव्हा माझी जीभ आपोआप डाव्या दाढेकडे गेली. तिथे चांदी नव्हती. खोल, खरखरीत खड्डा होता, खूप दिवसांचा.

मी धावत खाली आलो. थिनरमध्ये कापड बुडवून ठिपके पुसले, खसाखसा, बोल्टचं डोकं चमकेपर्यंत. मग कान देऊन उभा राहिलो. घर गप्पच होतं. पास केलेली वस्तू रंग पुसून नापास होत नाही, हे इतर कोणापेक्षा मलाच जास्त माहीत असायला हवं होतं. आता पंप काढून टाकावा, पण त्याच्या जागी बसवायचं काय?

दुसरं कापड शोधायला मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आत एक घडी घातलेला कागद होता. घड्यांवर तो फाटायला आला होता, शेकडो वेळा उघडून वाचल्यासारखा. अक्षर बायकोचं होतं.

'गाडी स्टेशनवर ठेवली आहे. चावी रबराच्या चटईखाली आहे. गाडीची काळजी घ्या. ते तुम्हाला चांगलं जमतं.'

मी तिथेच, गाडीच्या दारात, जमिनीवर बसून रडलो. लाज वाटायला घरात कोणी नव्हतंच.

७

मग पाणी गळून गाडी उकळावी म्हणून मी पंपाचं सील ढिलं केलं, आणि गाडी सुरू करून निघालो.

बाहेर लख्ख दुपार होती. रस्ता मोकळा होता. झाडांच्या सावल्या बॉनेटवरून मागे सरकत होत्या आणि इंजिन इतकं मऊ चालत होतं की चालू आहे की नाही, ते हात लावून बघावंसं वाटत होतं. काटा हळूहळू चढत होता. पस्तिसावा दगड गेला. अडतिसावा गेला. चाळिसाव्याशी बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी आपली आपण कडेला थांबली.

मोठं झाड होतं. झाडाखाली पत्र्याची शेड होती आणि भंगाराचा ढीग होता. आणि बसची जुनी सीट होती, हिरव्या रेक्झिनची, मधोमध खोलगट झालेली. मिस्त्री म्हातारा होता. त्याने बॉनेट उघडून आत बघितलं आणि च्यक् केलं.

"पाणी गळतंय. या गाडीचा पंप आता कुठून आणायचा साहेब?"

"दुसरा कोणताही बसवा."

"कोणताही कसा बसेल?" तो ढिगाकडे गेला, वाकला, बराच खाली हात घातला. "एक आहे. खडीच्या मशीनचा. कधीचा पडलाय, कोणालाच लागला नाही. भोक घासावं लागेल हां. दिवस जाईल."

"जाऊ दे."

मी सीटवर बसलो. तो माझ्याकडे पाठ करून उकिडवा बसला आणि कानस चालू झाली. खर्र, खर्र, थोडं थांबून पुन्हा खर्र. मी मध्येच उठून त्याच्या खांद्यावरून बघितलं. भोकाशेजारी एक तिरका ओरखडा होता. कानस सटकली, दुसरा उमटला. कानस पुन्हा सटकली. तीन झाले. गुरुवारी टेबलावर बघितलेले तेच तीन, तशाच तिरप्या ओळीत, पण कडा ताज्या आणि चकचकीत.

पुन्हा जाऊन बसलो. ऊन उतरायला लागलं. पानांची सावली माझ्या गुडघ्यांवरून शेजारच्या रिकाम्या जागेवर गेली. इथे ती बसली होती, निळी बॅग पायाशी ठेवून. मला तिचा राग कळत होता, अगदी आतून, जसा माझाच असावा. पाना दे. कापड दे. कोणाला तरी सोडून चाललोय असं वाटत होतं. मग तेही वाटेनासं झालं. कानशीचा आवाज ऐकत नुसता बसलो होतो.

"कुठे निघालात साहेब?" मिस्त्रीने मान न वळवता विचारलं. "स्टेशन?"

"हो," मी म्हणालो.

आणि दचकलो. स्टेशन कशाला? मी कुठे निघालो होतो, ते क्षणभर खरंच आठवेना. रस्ता दोन्ही बाजूंना सारखाच दिसत होता. घर कोणत्या हाताला, हे मी गाडीचं तोंड बघून ठरवू गेलो, तर गाडी अर्थातच स्टेशनकडे तोंड करून उभी होती.

पंप बसला तेव्हा दिवस कलला होता. बेढब दिसत होता. मिस्त्रीने चारही बोल्ट आवळले आणि हात पुसले. मी खिशातून बाटली काढली. आयुष्यात चुकीच्या भागावर मी कधी खूण केली नव्हती. कोणी जीव घेतला असता तरी केली नसती. चारही बोल्टांवर एकेक ठिपका दिला, सावकाश.

"हे काय?" मिस्त्रीने विचारलं.

"पास केला," मी म्हणालो.

गाडी घराकडे वळवायला मला तीनदा मागेपुढे करावं लागलं.

८

स्वयंपाकघरात दिवा होता. खिडकीतून तो रस्त्यावर पडलेला दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. मग आवाज आला. नळ, आणि ठकीचं बोलणं. जीभ दाढेकडे गेली. गार, गुळगुळीत चांदी! मी गाडीतच बसून ती जिभेने पुन्हा पुन्हा चाचपत राहिलो, वेड्यासारखा हसत.

बायकोने दार उघडलं. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर न येता आधी माझ्या हातांकडे गेली. दोन्ही हात रिकामे आहेत असं बघून मग तिने वर पाहिलं.

"आलात?"

"आलो," मी म्हणालो आणि तिला घट्ट धरलं. असं मी कधी करत नाही. तिचं अंग ताठ होतं. थोड्या वेळाने सैल झालं.

"आई, आला ना गं बाबा?" आतून ठकीने विचारलं. तिचा आवाज नेहमीच्या चेष्टेचा नव्हता.

शेल्फवर छोटं घड्याळ होतं. चौकटीवर पेन्सिलच्या रेघा होत्या. मी सगळ्या मोजल्या. एकही कमी नव्हती.

९

रविवारी भिंगवाले आले आणि पाऊण तास बॉनेटमध्ये राहिले. मी पंपाचा फोटो पाठवलाच नव्हता. पंपाशी पोचल्यावर त्यांनी भिंग पुसून पुन्हा लावलं.

"हा तर भलताच पंप! आणि त्यावर कारखान्याचा ठिपका? हा कोणी दिला?"

"मी."

"तुम्ही?" त्यांनी भिंग खाली केलं. "मूळचा मिळवा, बसवा. पुढच्या महिन्यात येतो. नाहीतर ती ओळ मला लिहिता यायची नाही."

"नका लिहू," मी म्हणालो. मला अगदी हलकं वाटत होतं.

बायको चहा घेऊन आली. तिने पंपाकडे बघितलं आणि हसून भिंगवाल्यांना म्हणाली, "त्याला नावं नका ठेवू हं. हा भंगारातला पंप होता म्हणून हे परत आले."

"कुठून?" भिंगवाल्यांनी विचारलं.

"सत्तावीस वर्षांपूर्वी निघून गेले होते हे, मला सोडून. चाळिसाव्या दगडाशी गाडी उकळली. दिवसभर मी दारात बसले होते. संध्याकाळी आले. का गेला होतात, ते मात्र अजून सांगितलं नाहीत." शेवटचं वाक्य तिने मला उद्देशून म्हटलं, चहाचा कप माझ्या हातात देताना. "सांगाल कधीतरी."

भिंगवाले अवघडून हसले आणि चहा पिऊन गेले.

मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. कागद होता. तीन-चारदाच उघडलेला. अक्षर माझं होतं.

'गाडी स्टेशनवर ठेवली आहे. चावी रबराच्या चटईखाली आहे. सुरू करण्याआधी पाणी बघत जा.'

मी कुठेही गेलो नव्हतो. हे तिला कसं सांगायचं? गेली होतीस ती तू, असं म्हणू? ती टेबलाशी बसून पंप हातात घेऊन हसली होती, ते आता माझ्याशिवाय कोणाला आठवत नाही. तिचा तो राग, ती निळी बॅग, फाडलेली चिठ्ठी, सगळं माझ्या नावावर आलंय. मी ते घेतलं. चिठ्ठी मात्र फाडता येत नाही मला. फाडली तर काय होईल, कोण जाणे.

बोलतो मी तिच्याशी हल्ली. खूप बोलतो. बाजारात जातो तर किती वाजता येईन ते सांगून जातो. ती "बरं" म्हणते.

गाडी आठवड्यातून एकदा सुरू करावी लागते, नाहीतर बॅटरी उतरते. मी कुठे जात नाही. वर्कशॉपमध्येच पाच मिनिटं चालू ठेवतो. इंजिन सुरू झालं की स्वयंपाकघरातला नळ बंद होतो. बोलणं थांबतं. पाच मिनिटं आतून कसलाही आवाज येत नाही. मी चावी फिरवून इंजिन बंद करतो, आणि थोड्या वेळाने नळ पुन्हा सुरू होतो.